टाकीचे घाव कोणाचे? : अंबरनाथची शिल्पे आणि आपली समीक्षा

टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही, ही म्हण आपल्याकडच्या शाळांच्या भिंतींवर हमखास रंगवलेली असते. तिच्यात घाव सोसणारा दगड आहे आणि घावांतून निघालेला देव आहे. घाव घालणारा हात मात्र कुठेच नाही. टाकी जणू आपली आपणच चालते. मराठीतली शिल्पसमीक्षा मला या म्हणीचाच विस्तार वाटत आली आहे. देव कोणता, त्याला हात किती, आयुधे कोणती, राजा कोण, शके कोणता, शिखर नागर की भूमिज, एवढे विचारून ती थांबते आणि शेवटी 'अनामिक कलावंतांच्या प्रतिभेला' नमस्कार घालून मोकळी होते. हा नमस्कार तपासून पाहिला पाहिजे असे मला वाटते. नाव नसणे, नाव न लिहिणे आणि नाव लिहू न देणे या तीन निरनिराळ्या गोष्टी आहेत. आपले अभ्यासक तिन्हींना एकाच 'अनामिक' शब्दाच्या गोधडीत गुंडाळून ठेवतात.

वाशिंदहून निघावे, खडवली, टिटवाळा, शहाड करीत कल्याणला गाडी बदलावी आणि कर्जतच्या फाट्यावर तिसऱ्या स्टेशनात उतरावे, म्हणजे अंबरनाथ. वालधुनीच्या काठचे इथले शिवमंदिर शके 982 चे, म्हणजे इ. स. 1060 चे. उत्तर कोकणचा शिलाहार राजा छित्तराज आणि त्याचा भाऊ मुम्मुणी यांच्या काळातले हे काम. मंदिराचे तोंड पश्चिमेला. मंडपाला तीन बाजूंनी दारे. गाभारा जमिनीच्या पातळीखाली, वीसेक पायऱ्या उतरून जावे लागते. बाहेरची भिंत सरळ जात नाही. ती कोनाकोनांनी आत-बाहेर होत जाते, त्यामुळे ऊन फिरेल तसा प्रत्येक कोपरा वेगळा दिसतो. खालच्या थरांत हत्तींची रांग, ग्रासमुखांची रांग, माणसांची रांग. वर शिव, देवी, सुरसुंदरी, जोगी. या सगळ्याचा दगड सह्याद्रीचा काळा कातळ. हा कातळ टाकी परत फेकतो. त्यात बोटांची नखे आणि गळ्यातल्या सरांचे मणी काढायचे म्हणजे किती दिवस, किती धार लावणे, किती फुटलेली बोटे, याचा हिशेब एकाही वर्णनात मला सापडला नाही.

माझ्याकडे येणारी मुले शहापूर-मुरबाडच्या पाड्यांवरची. त्यांतला एक सुट्टीत खडीच्या क्रशरवर कामाला जातो. त्याला अंबरनाथला नेले तेव्हा तो देवांकडे वळलाच नाही. दोन दगडांमधल्या सांध्यावर बोट फिरवीत राहिला आणि म्हणाला, "सर, यात चुना नाही. नुसता दगडावर दगड बसवलाय." सौंदर्यशास्त्राच्या पुस्तकांत बसेल अशी ही प्रतिक्रिया नाही. तरी त्या दिवशी मंदिरासमोर जे काही बोलले गेले त्यात मला ती सर्वांत नेमकी वाटली, कारण ती ज्याने दगड उचलला आहे त्याची होती.

मंदिराच्या उत्तरेकडच्या दारावर आतल्या बाजूने लेख कोरलेला आहे. एकोणिसाव्या शतकात डॉ. भाऊ दाजींनी तो वाचला तेव्हा शके 782 असे लागले होते. पंडित भगवानलाल इंद्रजींनी तो आकडा 982 असा लावून दिला, आणि मंदिर दोनशे वर्षांनी अलीकडे आले. 1868 साली मुंबई सरकारने जे. जे. कलाशाळेच्या लोकांकडून या मंदिराची चित्रे आणि साचे करवून घेतले. म्हणजे या देवळाकडे लक्ष गेले नाही अशी तक्रार कोणी करू शकणार नाही. आकड्यावर वाद झाला, राजाच्या नावाच्या उच्चारावर वाद झाला. त्या लेखात राजा आहे, त्याची बिरुदे आहेत, त्याचे मंत्री आणि अधिकारी नावानिशी आहेत. दगड फोडणारा, वाहणारा, घडवणारा नाही. दीडशे वर्षे या लेखावर चर्चा झाली, पण ही गैरहजेरी चर्चेचा विषय झाली नाही. ती सर्वांना स्वाभाविक वाटली.

ती स्वाभाविक आहे का? याचे उत्तर शोधायला फार लांब जावे लागत नाही. बोरिवलीजवळच्या कान्हेरीच्या बौद्ध लेण्यांत, अंबरनाथच्या आधी सुमारे नऊशे वर्षे, कल्याणच्या एका लोहाराचे नाव कातळावर कोरले गेले आहे. नंद नावाच्या या लोहाराने तिथे वाट करून दिली आणि तसे लिहून ठेवले गेले. ज्या कल्याण स्टेशनात आपण गाडी बदलतो त्याच गावचा हा माणूस. कान्हेरीच्या मोठ्या चैत्याच्या लेखात दान देणारे व्यापारी आहेत, तसेच दगडाचे काम करणारे शेलवढकी आहेत, आणि दगड घासून गुळगुळीत करणाऱ्याचाही उल्लेख आहे. घासकाम! आजही ज्या कामाला आपण काम म्हणून मोजत नाही, ते. कार्ल्याला चैत्याचे दार धेनुकाकटच्या सामी नावाच्या सुताराने केले, तो वेणुवासाचा मुलगा, असे तिथला दगड सांगतो. सुतार, आणि बापाच्या नावासकट.

इथे एक सावधगिरी घेतो, कारण आपल्या चळवळीत लेण्यांविषयी बोलताना भाबडेपणा शिरतो. बौद्ध संघही राजांची आणि व्यापाऱ्यांची दाने घेत होता. कार्ल्याच्या संघाला क्षत्रपांचा जावई उषवदात याने अख्खे गाव दिल्याचा लेख तिथेच आहे. गाव दिले म्हणजे गावातल्या कष्टाचा वाटा दिला. तेव्हा लेणी म्हणजे समतेचे राज्य होते असे म्हणण्याचा मोह मी टाळतो. मुद्दा एवढाच की त्या दगडावर लोहाराचे नाव बसू शकत होते. त्याने दगड विटाळत नव्हता. नऊशे वर्षांनी, तीन स्टेशनांच्या अंतरावर, हजारो हातांनी घडवलेल्या मंदिराच्या लेखात त्या हातांपैकी एकाचेही नाव बसले नाही. हत्यार तेच, कातळ तोच, कारागिरी तर कितीतरी वरचढ. बदलली ती हाताची किंमत. मधल्या काळात वर्णव्यवस्थेने श्रमाला आणि विद्येला एकमेकांपासून तोडले. लेख लिहिणारा एक आणि दगडावर तो कोरणारा दुसरा झाला, आणि लिहिणाऱ्याला कोरणाऱ्याचे नाव लिहिण्याचे कारण उरले नाही.

यावर एक भारदस्त उत्तर तयार आहे. ते आनंद कुमारस्वामी यांचे. 1909 साली त्यांनी हिंदी कारागिरावर पुस्तक लिहिले आणि पुढे आयुष्यभर एक सिद्धांत मांडला. मध्ययुगीन ख्रिस्ती युरोपात आणि भारतात कलावंत अनामिक राहिला तो त्याचा मोठेपणा; त्याने अहंकार सोडला होता, कला त्याची नव्हतीच, ती परंपरेची होती; आणि आपल्याकडे जातीने, त्यांच्या मते, कारागिराला त्याचे काम, त्याची प्रतिष्ठा आणि स्पर्धेपासून संरक्षण दिले. कुमारस्वामी फार विद्वान होते आणि वसाहतवादी साहेबाने आपल्या कलेची जी टिंगल केली होती तिला त्यांनी सडेतोड उत्तर दिले, हे मान्य केलेच पाहिजे. परंतु ज्याच्याकडे नाव लिहिण्याची सोयच नाही त्याने अहंकार सोडला असे म्हणणे ही क्रूर थट्टा आहे. उपाशी माणसाला उपवासाचे पुण्य चिकटवण्यासारखे. राजाने नाव कोरले, मंत्र्याने कोरले. त्यांचा अहंकार सुटावा असे या अध्यात्माला कधी वाटले नाही. आणि जात ही श्रमाची विभागणी नसून श्रमिकांची विभागणी आहे, तीही चढत्या-उतरत्या पायऱ्यांची, हे बाबासाहेबांनी 1936 साली 'अॅनिहिलेशन ऑफ कास्ट'मध्ये मांडले. कुमारस्वामी त्यानंतर अकरा वर्षे जगले. आपल्या कलासमीक्षेने मात्र आजतागायत कुमारस्वामींना पाठ केले आणि बाबासाहेबांना राज्यशास्त्राच्या वर्गात बसवले.

कुमारस्वामींनी युरोपचा दाखला दिला आहे, तेव्हा युरोप पाहू. अंबरनाथ बांधले जात होते त्याच शतकात, आणि त्यापुढच्या शतकात, फ्रान्सच्या खेड्यापाड्यांत आणि मठांत जी दगडी चर्चे उभी राहिली त्यांच्या शैलीला रोमनेस्क म्हणतात. जाड भिंती, अर्धगोल कमानी, आणि दारावर, खांबांच्या माथ्यांवर, वळचणीखाली कोरलेली माणसे, जनावरे, राक्षस. बर्गंडी प्रांतात टेकडीवर व्हेझले नावाचे एक छोटे गाव आहे. तिथल्या मठाच्या चर्चच्या आतल्या मोठ्या दारावर 1120 ते 1130 च्या सुमारास कोरलेले दृश्य प्रसिद्ध आहे. मधोमध ख्रिस्त, त्याच्या हातांतून शिष्यांकडे किरण जात आहेत, आणि खालच्या पट्टीवर जगातले सगळे लोक. त्यांत घोड्यावर चढायला शिडी लावणारे बुटके आहेत, सुपाएवढ्या कानांचे लोक आहेत. वरच्या चौकटींत कुत्र्याच्या तोंडाची माणसेही आहेत. दूरच्या लोकांविषयीच्या ऐकीव अफवाच त्या. पण त्या विद्रूप लोकांनाही उपदेश पोचला पाहिजे असे तो दगड म्हणतो. भोवतीच्या कमानीवर गोल चौकटींत वर्षाचे बारा महिने आणि त्या त्या महिन्यांतली शेतकऱ्याची कामे कोरली आहेत. देवाच्या डोक्याभोवती शेतकऱ्याचे वर्ष फिरते. अंबरनाथच्या भिंतीभोवती मी अनेक फेऱ्या मारल्या. हत्ती पाहिले, नर्तकी पाहिल्या, जोगी पाहिले. नांगर मला दिसला नाही.

म्हणून फ्रान्समधला शेतकरी सुखी होता असे समजण्याचे कारण नाही. व्हेझलेचेच पाहा. ज्या मठाधिपतीने हे बांधकाम काढले त्या आर्तोला 1106 साली उठाव करणाऱ्या लोकांनी ठार मारले. बांधकामाच्या खर्चाचा बोजा त्यांच्याच करांतून वसूल होत होता. 1152 च्या सुमारास गावकऱ्यांनी मठाची सत्ता झुगारून आपला स्वतंत्र कारभार मांडायचा प्रयत्न केला आणि तो मोडून काढण्यात आला. 1146 साली याच टेकडीवर बर्नार्ड नावाच्या साधूने दुसऱ्या धर्मयुद्धाचे आवाहन केले. ज्यांच्यापर्यंत उपदेश पोचवायचा होता त्यांच्यापर्यंत तलवार पोचली. या बर्नार्डनेच सुमारे 1125 मध्ये चर्चमधल्या या शिल्पांवर कडक टीका लिहिली होती. माकडे, सिंह, अर्धे माणूस अर्धे जनावर असले प्रकार मठात कशाला, आणि भिंतींना सोने चढवून गरिबांना उघडे ठेवणारे हे कसले चर्च, असा तिचा रोख होता. हे बोलणारा चर्चमधलाच एक वजनदार माणूस होता, आणि त्याचे लिखाण जपून ठेवले गेले. आपल्याकडे देवळावरच्या खर्चाची उपाशी पोटाशी सांगड घालणारा आवाज पुरोहितवर्गातून येत नाही. तो येतो संतांतून, शरणांतून, आणि त्याची शिक्षाही त्यांनाच भोगावी लागते.

बर्गंडीतच ओतुँ गावच्या कॅथेड्रलच्या दारावर ख्रिस्ताच्या पायाखाली लॅटिनमध्ये एक ओळ आहे. गिस्लेबेर्तुसने हे केले, असा तिचा अर्थ. कित्येक वर्षे तो शिल्पकाराच्या सहीचा नमुना मानला गेला. 1999 साली लिंडा सायडेल या अभ्यासिकेने आक्षेप घेतला की हे नाव शिल्पकाराचे नसून एका जुन्या आश्रयदात्याचे असावे. वाद चालू आहे. मुआसाकच्या मठातल्या 1100 सालच्या लेखात मठाधिपती आंस्कितिलचे नाव आहे, खांब कोरणाऱ्यांचे नाही. तेव्हा नाव पुसण्याचा कारखाना एकट्या भारतात होता असे मी म्हणत नाही. फरक असा की तिथे एक नाव शिल्पकाराचे की धनिकाचे, यावर पुस्तक लिहिले जाते. आपल्याकडे तो प्रश्नच उभा राहत नाही.

आणखी एक फरक मला जास्त बोचतो. ओतुँच्या दारावर आणि दक्षिणेकडच्या कोंक या खेड्यातल्या चर्चच्या दारावर शेवटच्या न्यायाचा देखावा आहे. एका बाजूला स्वर्ग, दुसऱ्या बाजूला नरक. कोंकच्या नरकात राजा आहे. धर्मगुरूंना जाळ्यात पकडलेला सैतान आहे. कंजूष माणूस गळ्यात पैशाची थैली बांधून लटकलेला आहे. हे चर्चच्या दारावर, चर्चच्याच पैशाने. पाप करणारा बिशप नरकात जाऊ शकतो ही कल्पना निदान दगडात मांडता येत होती, आणि ज्याला एक अक्षर वाचता येत नव्हते असा शेतकरी दारात उभा राहून ती पाहत होता. आपल्या कुठल्या मंदिराच्या द्वारशाखेवर पुरोहित नरकात जळताना कोरला आहे? कोरता येणारच नव्हता. जिथे पापाची शिक्षासुद्धा जातीप्रमाणे कमी-जास्त होते, तिथे सर्वांसाठी एकच नरक कोठून आणणार? ज्या समाजाची विषमता श्रेणीबद्ध असते त्याला स्वर्गही पायऱ्यापायऱ्यांचाच लागतो.

पाहण्याचा हा प्रश्न नुसता रसिकतेचा नाही. फ्रान्समधले ते दार गावातल्या लोकांकडे तोंड करून आहे. ते पाहायला आत जावे लागत नाही. आपल्याकडची शिल्पे प्रदक्षिणेच्या वाटेवर आहेत. ज्याला प्रदक्षिणा घालता येते त्याने पाहावीत. ज्याला गावाच्या वेशीत सावली पडू न देता वावरायचे आहे, त्याच्यासाठी त्या हत्तींच्या रांगेचा काय अर्थ? नाशिकच्या काळाराम मंदिरासमोर 1930 पासून जो सत्याग्रह चालला तो देवदर्शनासाठी नव्हता, माणूसपणाच्या हक्कासाठी होता, हे आपण जाणतो. पण मला त्याहून 1934 ची दौलताबादची हकीकत या संदर्भात अधिक महत्त्वाची वाटते. बाबासाहेब आणि त्यांचे सहकारी वेरूळची बौद्ध लेणी पाहायला निघाले होते. म्हणजे शिल्पे पाहायला. वाटेत दौलताबादच्या किल्ल्यावर हौदाच्या पाण्याने हातपाय धुतले म्हणून त्यांना शिवीगाळ झाली आणि पुढे किल्ल्यात पाण्याला शिवणार नाही या अटीवर, शिपाई सोबत देऊन सोडले गेले. कोलंबिया आणि लंडनच्या पदव्या घेतलेला माणूस आपल्याच प्रांतातले दगड पाहायला जातो आणि त्याच्यावर पहारा बसतो. कलेचा आस्वाद ही निर्मळ, तटस्थ गोष्ट आहे असे ज्यांना म्हणायचे आहे त्यांनी ही हकीकत एकदा वाचावी.

दगड आणि भिंतीविषयी बोलायचे तर चोखामेळ्याला टाळून चालणार नाही. परंपरा सांगते की शके 1260 मध्ये, म्हणजे 1338 साली, मंगळवेढ्याला गावकुसाचे बांधकाम चालू असताना ते कोसळले आणि कामावरच्या इतर महारांबरोबर चोखाही दगडांखाली गेला. त्याच्या अस्थी विठ्ठलाच्या नामावरून ओळखल्या, अशी त्यापुढची कथा आहे, आणि कीर्तनकार तिथे गहिवरतात. मी मात्र त्या कथेच्या आधीच्या वाक्यावर अडतो. त्याच्याबरोबर जे इतर गेले त्यांच्या अस्थी कशावरून ओळखल्या? चोख्याची समाधी पंढरपूरला महाद्वारासमोर, देवळाच्या बाहेर. चोख्याच्या शरणागतीवर आपल्या लेखकांनी जी टीका केली आहे ती मला रास्त वाटते. पण तो अभंग रचणारा होता तसाच भिंतीवरचा मजूरही होता, ही दुसरी गोष्ट टीकाकार आणि कीर्तनकार दोघांनीही फारशी मोजली नाही.

आता गावातल्या दगडांकडे येतो, कारण मोठ्या देवळांपेक्षा तेच आपल्याला जास्त बोलतात. कोकणात जागोजागी गधेगाळ सापडतात. वर चंद्र, सूर्य, कधी कलश. मध्ये दानाचा लेख. आणि खाली गाढव एका स्त्रीवर चढलेले. हे दान जो मोडील त्याच्या आईची अशी गत होवो, असा त्याचा अर्थ. परळला सापडलेला शिलाहार अपरादित्याचा शके 1108 चा लेख घ्या. साष्टीतल्या महावली गावच्या एका वाडीचे उत्पन्न, 24 द्रम्म, वैद्यनाथ देवाच्या पूजेसाठी दिल्याचे त्यात आहे. लेख संस्कृत आहे. शेवटची आईवरून दिलेली शिवी मात्र मराठी आहे.

मराठीचे प्राध्यापक या ओळीला 'मराठीचा प्राचीन पुरावा' म्हणून गौरवाने दाखवतात. परीक्षेत त्यावर टीप विचारतात. मीही विद्यार्थी असताना अशा टीपा लिहिल्या आहेत. पण ही ओळ मराठीत का, हे कोणी सांगत नाही. दान कोणाला आणि का दिले ते संस्कृतात. ते सामान्य माणसाला कळण्याची गरज नव्हती. धमकी मात्र कळलीच पाहिजे होती. दगडावर आपली भाषा आली ती आपल्याला दम देण्यासाठी. ज्याला वाचता येत नाही त्याच्यासाठी खाली चित्र आहेच. ते चित्र कोणाच्या शरीरावर कोरले? दान मोडणारा पुरुष, जमीन पुरुषांची, राजा पुरुष. शिक्षा मात्र बाईला. एखाद्या गधेगाळीवर पुरुषाला गाढवाखाली दाखवले असते तर कदाचित दान अधिक सुरक्षित राहिले असते! मुआसाकच्या चर्चच्या ओसरीत कामवासनेचे पाप दाखवण्यासाठी एक उघडी स्त्री कोरली आहे, तिच्या छातीला साप लोंबकळत आहेत. दोन खंड, दोन धर्म, साधारण एकच शतक. आणि जमीन राखायची असो की स्वर्ग, भीती घालण्यासाठी बाईचेच अंग. शिल्पाच्या या बाजूवर आपल्या चळवळीतल्या स्त्रियांनी लिहिले पाहिजे; पुरुषांच्या हातून ते पुरते उतरणार नाही.

मग या शिल्पांचे आपण काय करायचे? आपल्यात याची दोन उत्तरे ऐकू येतात. एक म्हणते, ती देवळे त्यांची, ते देव त्यांचे, आपण 1956 साली तो रस्ता सोडला. तिकडे पाहायचेच कशाला. दुसरे म्हणते, देवळे आपल्याच बापजाद्यांनी घडवली, म्हणून ती आपली; अभिमान बाळगा. पहिल्या उत्तरातला नकार मला समजतो, तो माझाही आहे. पण पाठ फिरवली की दगडाचा अर्थ लावण्याचा मक्ता ज्यांच्याकडे होता त्यांच्याकडेच राहतो. दुसरे उत्तर दिसायला गोड आहे. परंतु ज्याच्या दारात उभे राहू दिले नाही त्याच्या भिंतीचा अभिमान हा फसवा अभिमान आहे. तो वेठीलाच वारसा म्हणून डोक्यावर घेतो, आणि उद्या कोणीही येऊन, तुम्हीच बांधलेत ना, मग आता सांभाळा, असे म्हणून आपल्याला पुन्हा त्याच देवळाच्या कामाला जुंपू शकतो.

मेयर शापिरो नावाचा अमेरिकन अभ्यासक मला इथे उपयोगी वाटतो. लिथुआनियातून लहानपणी न्यूयॉर्कला आलेल्या ज्यू कुटुंबातला हा मुलगा. त्याने मुआसाकच्या शिल्पांवर प्रबंध लिहिला आणि पुढे 1939 व 1947 सालच्या लेखांतून दाखवले की रोमनेस्क शिल्पातली प्रत्येक गोष्ट धर्मशास्त्रातून आलेली नाही. वाढत्या शहरांचा, बदलत्या समाजाचा ताण त्या दगडांत आहे, आणि कारागिराला स्वतःच्या हातात वाटणारा आनंदही. जे बर्नार्डला निरर्थक वाटले तिथेच शापिरोला कारागिराचे स्वातंत्र्य दिसले. ज्या धर्माने त्याच्या लोकांना शतकानुशतके छळले त्या धर्माची चर्चे हा माणूस इतक्या बारकाईने पाहू शकला. त्याने त्या चर्चांवर हक्क सांगितला नाही आणि त्यांच्याकडे पाठही फिरवली नाही.

अंबरनाथला मी अशाच जागा शोधतो. हत्तींच्या रांगेत एखादा हत्ती शेजाऱ्यासारखा नसतो, त्याने सोंड भलतीकडेच वळवलेली असते. या काळातल्या आपल्या देवळांत खांबांच्या माथ्यावर कीचक असतात. बुटके, सुटलेल्या पोटाचे, डोळे बाहेर आलेले, दोन्ही हातांनी छत तोलून धरणारे. पुस्तके त्यांना भारवाहक म्हणून एका शब्दात मिटवतात. पण खाली गाभाऱ्याकडे निघालेल्याने मान वर केली तर देवाआधी दिसतात ते हेच. फ्रान्समध्ये ओलोरों गावच्या चर्चच्या दारात मधल्या खांबाखाली साखळदंडाने बांधलेले दोन कैदी तो भार पाठीवर घेऊन बसले आहेत. तिथला भार उचलणारा युद्धात जिंकलेला शत्रू आहे. आपल्याकडच्या कीचकाला साखळी नाही. ती कोरण्याची गरज पडली नसावी.

गेल्या वर्षी मी मुलांना एक काम दिले. आपापल्या गावात किंवा पाड्यावर शेंदूर फासलेला, उभा कोरलेला दगड असेल तर त्याचे चित्र काढायचे आणि चार गोष्टी लिहून आणायच्या : दगडावर काय आहे, त्याला गाव काय म्हणते, त्याची पूजा कोण करते, आणि तो फोडून घडवला असेल तर तसा दगड जवळ कुठे निघतो. पहिल्या तिन्हींची उत्तरे सगळ्यांना मिळाली. कुठे वीरगळ होता, लढणारा माणूस, वर त्याला घेऊन जाणाऱ्या अप्सरा, त्यावर शिवलिंग. गाव त्याला वेताळ म्हणत होते. कुठे ठाकरांचा वाघदेव होता, वर चंद्रसूर्य, खाली वाघ, आणि त्याच्यावर राजाही नव्हता, दानही नव्हते. चौथ्या प्रश्नाचे उत्तर बहुतेकांनी कोरे ठेवले. क्रशरवरच्या मुलाने मात्र पानभर लिहिले. कोणत्या डोंगराचा दगड सुट्टा फुटतो, कोणत्याचा ढलपा निघतो, सुरुंगाने फोडलेल्या दगडात तडा कसा राहतो आणि पहारेने काढलेल्यात का राहत नाही, त्याच्या आजाला पूर्वी पाटे-वरवंटे घडवताना टाकीला किती वेळा धार लावावी लागे. शुद्धलेखनाच्या चुका पुष्कळ होत्या. खाली त्याने आजाचे पूर्ण नाव, त्याच्या बापाचे नाव आणि गाव लिहिले होते. ते पान मी विभागाच्या फायलीत लावले आहे, आणि या वर्षीच्या मुलांना अंबरनाथला नेण्याआधी तेच वाचायला देणार आहे.